लाल रेघेखालची चार नावं

मस्कतहून परत आले त्या आठवड्यात जो भेटला त्याने पहिल्यांदा खजूर आणले का ते विचारलं आणि मग तिकडे सोनं कसं आहे ते विचारलं. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तर दोघींनी माझ्या हातांकडे पाहूनच निराशेचा सुस्कारा टाकला. काय पाहिलंत, कसे लोक आहेत, तुम्ही ज्या कामाला गेला होतात त्याचं काय झालं, हे कोणीही विचारलं नाही. म्हणून न विचारताच सांगते. रागाने सांगते आहे, हे आधीच सांगून ठेवते. ज्यांना समुद्रकिनाऱ्याची आणि किल्ल्यांची वर्णनं हवी असतील त्यांनी दुसऱ्या कोणाचं तरी वाचावं.

मी चिपळूणला इंग्रजी शिकवते. वयाच्या चाळिशीत पीएच.डी.चं खूळ डोक्यात घेतलं आणि विषय घेतला तो नोकरी करणाऱ्या प्रौढ माणसांच्या इंग्रजी शिकण्याचा. माझे मार्गदर्शक, म्हणजे सर, ऐन उमेदीत काही वर्षं इंडोनेशियात शिकवत होते. तिथल्या वर्गांतली मुलं इंग्रजी कशी शिकतात यावर त्यांनी काम केलं होतं आणि त्यासाठी तीस गुणांची एक प्रश्नपत्रिका तयार केली होती. ती प्रश्नपत्रिका म्हणजे सरांचं अपत्यच. "एकदा तपासून घेतलेलं साधन आहे, शब्दसुद्धा बदलायचा नाही," असं त्यांनी मला बजावलं आणि मीही मान डोलावली. माझी बहीण मीना मस्कतला राहते. तिचे यजमान अनिलराव यंत्रांचे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत आहेत. त्यांच्या ओळखीने सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पाइपच्या कारखान्यात कामगारांसाठी चालणारा इंग्रजीचा वर्ग पाहायची परवानगी मिळाली, आणि २००० सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी प्रश्नपत्रिकेच्या वीस झेरॉक्स आणि चकलीचा डबा घेऊन विमानात बसले.

दार्सैत

मीनाचं घर दार्सैतला, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून दिसतात ते डोंगर इतके उघडे की आधी मला वाटलं, इथे कोणीतरी खोदकाम करून ठेवलंय. एक झाड नाही, गवताचं पातं नाही. आमच्याकडे ऑक्टोबरात डोंगर हिरवे असतात आणि रस्ते खड्ड्यात गेलेले असतात. इथे डोंगर भाजलेले आणि रस्ते असे की टॅक्सीत चहाचा कप हातात धरून बसावं. खाली उतरलं की मात्र रत्नागिरीत आल्यासारखं वाटे. किराणा दुकानात कोकमं, कृष्णाच्या देवळाच्या वाटेवर गजरे घातलेल्या बायका आणि टेलरच्या दुकानात राजापूरकडची बोली.

माझी भाची ऋचा तिथल्या भारतीय शाळेत सातवीत होती. मैत्रिणींशी फोनवर बोलताना अख्खं इंग्रजी, आणि माझ्याशी मराठी बोलताना पाण्यात पाय घालून खोली पाहावी तशी चाचपडत. मी सहज तिला प्रश्नपत्रिका दिली. दहा मिनिटांत तिने सोडवून परत दिली. "मावशी, हे तर एकदम ईझी आहे. पण ही सिती कोण?"

सिती ही सरांच्या उताऱ्यातली मुलगी. भाताच्या खाचरांमागच्या गावात राहते, ग्रंथालयाची पुस्तकं परत करायला निघते, वाटेतल्या नदीवरचा पूल मोडलेला असतो म्हणून परत फिरते. ऋचाला तीसपैकी एकोणतीस मिळाले. साधन किती छान चालतंय म्हणून मी खूश झाले. बारा वर्षांच्या मुलीला शाळेत जे येतं ते पन्नाशीच्या कामगाराला पाइपांच्या यार्डात यायला हवं असं का, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही.

सोहार

सोहारचा रस्ता समुद्राला धरून अडीच तास जातो. एका बाजूला खजुरीच्या बागा, दुसऱ्या बाजूला माळ. कारखान्याचे पर्सोनेल मॅनेजर सबनीस म्हणून होते, मुंबईचे. इतका नम्र माणूस मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिला असेन. "मॅडम, हॉटेलबिटेल काही नाही, तुम्ही आमच्याकडेच उतरायचं," म्हणाले. पाच दिवस त्यांच्याकडे राहिले. सबनीसवहिनी डीप फ्रीजमधून मुंबईहून आणलेले सोललेले वाल काढत आणि बिरडं करत. एक दिवस सुरमई, एक दिवस कोळंबीचं खडखडलं. परदेशात मला जितकं घरचं जेवण मिळालं तितकं सासरीही मिळालं नव्हतं. पहिल्याच दिवशी जेवताना सबनीस म्हणाले, "आमच्याकडे आता नवा नियम येतोय. फोरमन आणि त्याच्या वरच्यांना इंग्लिश आलं पाहिजे. सेफ्टीचे बोर्ड, रिपोर्ट वगैरे. तुमचा अभ्यास आम्हालाही उपयोगी पडेल बघा." मी बिरड्यात पोळी बुडवत "हो, हो" म्हटलं. हे वाक्य मी ऐकलं होतं, हे लक्षात ठेवा. मीही ठेवलं आहे.

वर्ग भरायचा तो संध्याकाळी पाच वाजता, कामगारांच्या कॅम्पातल्या मेसमध्ये. टेबलांवर दुपारच्या आमटीचे डाग. शिकवणारे थॉमस सर म्हणजे कारखान्याचे स्टोअरकीपर, सज्जन माणूस. पण त्यांच्या हातात शाळेचं व्याकरणाचं पुस्तक होतं, आणि सकाळी सहापासून लोखंड उचलणारी अठरा माणसं 'राजाने वाघ मारला'चं 'राजाकडून वाघ मारला गेला' करत होती. तिथे ना राजा होता ना वाघ. मागच्या बाकावर दोघे बसल्या बसल्या झोपले होते आणि त्यांना उठवायची कोणाची हिंमत नव्हती. मी वहीत लिहिलं, 'प्रेरणेचा अभाव.' आता ते वाचलं की वही फाडावीशी वाटते.

तिथेच दाऊदभाई भेटले. दाभोळच्या खाडीकडचे, दाढी पांढरी झालेले, यार्डातल्या रिगर लोकांचे फोरमन. क्रेनला ओझं बांधायचं आणि हाताच्या खुणांनी क्रेन चालवून घ्यायची, हे त्यांचं काम. मी चिपळूणची म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"माजी धाकटी तुमच्याच कालेजात हाय, बाय. बारावी सायनस. तिला डाक्टर व्हायचा हाय. आनी तीन वर्सां मना हितं काडायची हायत. येत्या महिन्यात विजा रिन्यू व्हायचाय. तितका झाला की खलास, घरी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला यार्ड दाखवायला नेलं. माझ्या पायात चपला, आणि चपला घालून आत सोडत नाहीत. कोणाचे तरी आठ नंबरचे बूट आणले. दाऊदभाईंनी त्यात पुसायच्या चिंध्या कोंबल्या आणि मी बदकासारखी त्यांच्या मागून चालले. सगळे हसले, मीही हसले. मग क्रेन सुरू झाली आणि माझं हसू थांबलं.

वर केबिनमध्ये खलफान नावाचा तरुण ओमानी. त्याला खालचं काही दिसत नव्हतं. खाली दाऊदभाई. त्यांनी साखळीला लटकवलेला पत्र्याचा बिल्ला उलटा करून वाचला, त्यावर इंग्रजीत किती टन झेपतील ते कोरलेलं होतं. मग पाइपांच्या जुडग्याला चिकटवलेला कागद वाचला, तोही इंग्रजी. मान हलवली, साखळी बदलायला लावली. आंध्रच्या एका कामगाराला हिंदीत ओरडून मागे सरकवलं, दुसऱ्याला मराठीत शिवी घातली, आणि हात वर करून खलफानला म्हणाले, "फोक, फोक, श्वै श्वै, बस." वर, वर, सावकाश, बस. पाच टनांचं जुडगं माणसांच्या डोक्यावरून गेलं आणि अंथरुणावर मूल ठेवावं तसं ट्रकवर टेकलं. नंतर खलफानने थर्मासातला कहवा आणि ताटलीतला हलवा पुढे केला. सगळ्यांनी त्याच ताटलीत बोटं घातली, मीही घातली. आमच्याकडे कॉलेजच्या शिपायाबरोबर प्राध्यापक एका ताटलीत खात नाहीत. खलफान मला हिंदीत म्हणाला, "मॅडम, उपर हम बैठता, पर हमारा आँख दाऊद."

हे सगळं मी पाहिलं. वहीत एक ओळही लिहिली नाही, कारण वहीत त्याला रकाना नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी सिती काढली. कागद वाटले. दाऊदभाईंनी कागद हातात घेतला आणि हळूच विचारलं, "बाय, ह्या पेपराचा माज्या नोकरीशी काय संबंद नाय ना?"

"नाही हो दाऊदभाई. हे फक्त माझ्या अभ्यासाला. काळजी करू नका."

"मंग ठीक. कालेजची बाय तुमी, तुमच्यावर इस्वास."

सितीने नदी का ओलांडली नाही, या प्रश्नाला दाऊदभाईंनी लिहिलं होतं, 'ब्रिज नो गुड. परमिट नो.' पूल बरा नाही, परवानगी नाही. यार्डातल्या माणसाचं बिनचूक उत्तर. सरांच्या नमुना उत्तरांत पूर्ण वाक्य हवं होतं. मी शून्य दिला. ग्रंथालयातल्या बाईंशी नम्रपणे कसं बोलाल, या प्रश्नावर त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. त्यांना तीसपैकी आठ पडले.

आणि आता ती गोष्ट. निघायच्या आदल्या संध्याकाळी सबनीसांनी चहा घेता घेता म्हटलं, "मॅडम, रिझल्टची एक कॉपी मिळेल ना?" मी ज्यांच्याकडे पाच दिवस जेवले त्यांना नाही कसं म्हणायचं? तेवढंही माझ्या मनात आलं नाही, खरं सांगायचं तर. सतरा वर्षं मी निकाल लावत आले आहे. चाचणी झाली की यादी करायची, गुणांच्या क्रमाने नावं लिहायची, पास-नापासाच्या मध्ये लाल पेनाने पट्टीने रेघ ओढायची आणि सूचना फलकावर टाचणी मारायची. हात आपोआप चालतात. सबनीसवहिनींच्या जेवणाच्या टेबलावर बसून मी अठरा नावं सुवाच्य अक्षरात लिहिली. बारा आणि त्यावर पास. बाराच्या खाली पट्टी ठेवून लाल रेघ. रेघेखाली चार नावं, शेवटून दुसरं दाऊदभाईंचं. कोणी मागितली नव्हती ती रेघ. सरांनी सांगितली नव्हती, सबनीसांनी नाही. ती माझी स्वतःची.

सबनीसांनी यादी दोन्ही हातांनी घेतली. "किती नीटनेटकं काम आहे!" म्हणाले. मला बरं वाटलं.

पुन्हा दार्सैत

पुढचा आठवडा चैनीत गेला. शुक्रवारी अनिलराव अल अमेरातच्या बाजूला घेऊन गेले. डोंगरातून उतरणारा रस्ता, खाली माळावर नवी नवी घरं उठत होती. आम्ही एका बाभळीखाली पोहे खाल्ले. बकऱ्यांनी चकलीचा डबा उलटा केला. मीनाने एका बकरीच्या तोंडातून झाकण ओढून काढलं. मी अगदी मजेत होते.

पुढच्या गुरुवारी सकाळी फोन आला. नंबर मीच दाऊदभाईंना दिला होता.

"बाय, मना हापिसात बोलावलान. यादी दाखवलान. विजा रिन्यू नाय करायचा म्हनतात. सुट्टीचा तिकीट हाय, त्याच्यावर जा आनी परत येव नको, असा सांगितलान." मग त्यांनी विचारलं, "तुमी नाय म्हनला होतात ना, बाय?"

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ते खरोखरच विचारत होते, आपल्याकडून ऐकण्यात चूक झाली की काय म्हणून.

मी फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मीनाने ठेवलेला चहा मी सिंकमध्ये ओतला. यादी, रेघ, सगळं मी सांगितल्यावर अनिलराव पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "ताई, इथे भांडून चालत नाही. इन्शाल्ला होईल काहीतरी. आणि सबनीस आमचे कस्टमर आहेत." ऋचा दारात उभी होती. तिने तिच्या तुटक मराठीत विचारलं, "मावशी, त्या अंकलना माहितीये का, ती लाइन तू मारली ते?"

पुन्हा सोहार

शनिवारी ऑफिस उघडलं तेव्हा मी सबनीसांच्या समोर होते. अनिलराव मागे खुर्चीवर, आपण या बाईला ओळखत नाही अशा चेहऱ्याने.

"ही चाचणी तुमच्यासाठी नव्हती," मी म्हटलं. "इंडोनेशियातल्या शाळकरी मुलांची आहे ती. तिच्यावरून क्रेनच्या फोरमनला काढता?"

"मॅडम, तुम्ही बसा तरी. पाणी घ्या."

"पाणी नको. दाऊदभाई बिल्ला वाचतात, कागद वाचतात. तुमचे पाइप माणसांच्या डोक्यावरून नेतात. मी पाहिलंय."

"मीही पाहिलंय. बारा वर्षं." सबनीस मुळीच चिडले नाहीत. "पण वर नियम आला. कोणाला तरी कमी करायचंच होतं आणि कशावरून करायचं ते आम्हाला कळत नव्हतं. आमच्याकडे कागद नव्हता. तुमच्यासारख्या बाहेरच्या, शिकलेल्या माणसाने केलेली यादी आली. रेघ तुम्हीच मारलीत, मॅडम. आम्ही फक्त रेघेच्या खाली पाहिलं."

मी यादी परत मागितली. त्यांनी लगेच दिली, अगदी आदराने, पाकिटात घालून. झेरॉक्स फाइलला लावलेली मला दिसत होती.

मी तिथेच बसून दोन पानं लिहिली. यार्डात काय पाहिलं, साखळी का बदलली, कोणती इंग्रजी अक्षरं वाचून बदलली, खलफान काय म्हणाला. सही केली, खाली पदवी लिहिली. सबनीसांनी ती पानं वाचली, छिद्र पाडलं, फाइलला लावली. "आभारी आहे. पण ह्यात मार्क नाहीत हो," म्हणाले. आणि वर, "तुमच्या वहिनींनी जेवायला थांबायला सांगितलंय." मी थांबले नाही. अनिलरावांनी मात्र टेबलावरची दोन बिस्किटं खाल्ली.

मला सबनीसांचा राग आहे. पण ते निदान आपल्या कामाचा पगार घेतात. मला सरांचा राग आहे, ज्यांनी भाताच्या खाचरातली मुलगी वाळवंटात पाठवली. त्यांना परत आल्यावर सगळं सांगितलं तर म्हणाले, "डेटा मात्र उत्तम आलाय. सोडू नका." आणि सगळ्यात जास्त राग आहे तो त्या बाईचा, जी पट्टी बरोबर घेऊन परदेशी गेली. रेघेखालच्या बाकी तिघांची नावं मला पाठ आहेत, यादी माझ्याकडे आहे. त्यांचे चेहरे मात्र आठवत नाहीत.

विमानात

चार दिवसांनी सीब विमानतळावर मी रांगेत उभी होते आणि पुढे, दोरीने बांधलेल्या खोक्यापाशी, दाऊदभाई. एकाच विमानाचं तिकीट. त्यांनी मला पाहिलं आणि सलाम केला. मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. बहुधा माफी मागितली असावी. ते म्हणाले, "जाव द्या, बाय. आता पोरीचा काय करायचा ता घरी जावन बगू." जाव द्या म्हणणं त्यांना शोभलं. मला ते घेता आलं नाही.

विमानात माझी जागा त्यांच्या पलीकडच्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला. मुंबई जवळ आली तशा हवाई सुंदऱ्यांनी उतरायच्या वेळी द्यायचे फॉर्म वाटले. इंग्रजी, बारीक टायपातले.  मग एकाने आपला पासपोर्ट आणि फॉर्म दाऊदभाईंच्या मांडीवर ठेवला. मग दुसऱ्याने. मागच्या रांगेतून एक हात पुढे आला. कोणी विचारलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं. बारा वर्षं हेच चालत आलं असणार.

त्यांचं पेन संपलं. "बाय, पेन हाय काय?" मी पर्समध्ये हात घातला आणि जे हाताला लागलं ते दिलं. त्यांनी टोपण काढून पाहिलं आणि परत दिलं. "लाल नको. लाल शाईचा फार्म घेत नायत." मग हात वर करून म्हणाले, "सिस्टर, वन ब्लू पेन, प्लीज." ती हसून पेन घेऊन आली. तिला पूर्ण वाक्य लागलं नाही.

त्यांनी एकामागून एक सात फॉर्म भरले. मोठ्या अक्षरांत, चौकोनाच्या बाहेर एक अक्षर न जाऊ देता. मध्येच कोणाला गावाचा पिनकोड विचारत, कोणाला व्हिसा कधीचा ते विचारत. विमान खाली यायला लागलं तरी माझा फॉर्म माझ्या मांडीवर कोराच होता. त्यांच्या लक्षात आलं.

"तुमचा ऱ्हायला काय? द्या हिकडं."

मी दिला. पासपोर्टही दिला. माझं नाव, नवऱ्याचं नाव, चिपळूण, सगळं त्यांनी पाहून पाहून उतरवलं, एकही चूक नाही. एका चौकोनापाशी पेन थांबलं.

"धंदा काय लिवू, बाय? टीचरच ना?"

विमानाची चाकं खाली आल्याचा आवाज झाला. ते पेन धरून माझ्याकडे बघत होते, आणि मला हो म्हणता येईना.